वेबसाइटच्या फायलींची मांडणी हा प्रकल्प-परीक्षेचा विषय व्हावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतील एका महाविद्यालयात मी गेली १४ वर्षे संगणकशास्त्र शिकवते आणि दर वर्षी अंतिम वर्षाच्या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षेसाठी इतर महाविद्यालयांत एक्स्टर्नल म्हणूनही जाते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत, त्यातही जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइट बांधण्याच्या तयार सांगाड्यात, केलेल्या प्रकल्पांची संख्या माझ्या डोळ्यांदेखत वाढली आहे आणि मुलांची समजही वाढली आहे. डेटाबेसची रचना, लॉगिन, शोध, अहवाल या साऱ्यांवर ती आत्मविश्वासाने बोलतात. मात्र ‘तुमच्या स्टॅटिक फायली कुठे आहेत आणि त्या तिथेच का आहेत?’ असे विचारले की बहुतेक गट एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही, ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या छापील अहवालात, त्याला पान नाही आणि गुणपत्रिकेत त्याला गुण नाहीत. तो असायला हवा, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

स्टॅटिक फायली म्हणजे वेबसाइटचे रंगरूप ठरवणारे सीएसएस, पानावर हालचाल घडवणारे जावास्क्रिप्ट, फॉन्ट, बोधचिन्ह, बटणांवरची चित्रे. थोडक्यात, येणाऱ्या प्रत्येकाला जसे आहे तसे द्यायचे असलेले सगळे काही. विषय किरकोळ वाटतो आणि तसा तो वाटतो म्हणूनच मागे पडतो. त्यातून काय होऊ शकते ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून आधी तो प्रसंग सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या उपनगरातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट दोन तरुणांनी विनामूल्य करून दिली. वाचनालयाच्या कपाटांत जुन्या दिवाळी अंकांचा मोठा साठा होता. तीन ज्येष्ठ सभासदांनी दोन उन्हाळे बसून त्यांची मुखपृष्ठे स्कॅन केली. मी अधूनमधून तिथे जात असे, त्यामुळे ते काम मी पाहिलेले आहे. अंक मऊ फडक्याने पुसायचा, पूर्ण उघडला तर पाठीची शिवण उसवेल म्हणून एका हाताने त्याला आधार द्यायचा, स्कॅनरच्या काचेवर कागदाचा चुरा पडला की काच पुन्हा पुसायची, मग वर्ष, संपादक आणि चित्रकार यांची नोंद करून चित्र साइटवर चढवायचे. अशी ६४० मुखपृष्ठे चढली होती.

ही चित्रे सर्व्हरवर नेमकी कोणत्या फोल्डरमध्ये जातात, हे कोणीही विचारले नव्हते. साइटच्या सीएसएसच्या फायली जिथे गोळा होत, त्याच फोल्डरच्या पोटात ‘अपलोड्स’ नावाचे फोल्डर करून दिलेले होते, कारण तो मार्ग सर्व्हरला आधीच माहीत होता आणि चित्रे लगेच दिसू लागली होती. पुढे एका रात्री शीर्षपट्टीचा रंग बदलला आणि नवी आवृत्ती चढवणारी स्क्रिप्ट चालवली गेली. त्या स्क्रिप्टमध्ये ‘कलेक्टस्टॅटिक’ ही स्टॅटिक फायली एका जागी गोळा करणारी कमांड ‘क्लिअर’ या पर्यायासह होती, म्हणजे नव्या फायली गोळा करण्यापूर्वी ते फोल्डर रिकामे करायचे. जँगो असे करण्यापूर्वी या जागेतील सर्व फायली पुसल्या जातील, तुमची खात्री आहे का, असे स्पष्ट विचारते. पण काहीही विचारू नये असाही एक पर्याय स्क्रिप्टमध्ये घातलेला होता. सकाळी साडेआठला त्या तिघांपैकी एकांचा मला फोन आला. ‘मॅडम, अंकांची नावं दिसतायत, चित्रकारांची नावं दिसतायत, पण चित्रं कुठे गेली?’

डेटाबेसचा बॅकअप रोज घेतला जात होता, पण त्याचा उपयोग झाला नाही. जँगो चित्र डेटाबेसमध्ये ठेवत नाही, तिथे फक्त त्या चित्राच्या फायलीचा पत्ता असतो. म्हणून ६४० पत्ते शाबूत राहिले आणि त्या पत्त्यांवर काहीही उरले नाही. बरीच मुखपृष्ठे एका सभासदाच्या पेन ड्राइव्हवर सापडली, काही व्हॉट्सॲपवर पाठवलेली, आकाराने लहान आणि धूसर झालेली मिळाली, आणि ११८ अंक पुन्हा कपाटातून बाहेर काढावे लागले. ज्या अंकांच्या शिवणी पहिल्या वेळी कशाबशा टिकल्या होत्या, त्यांतल्या काही या वेळी टिकल्या नाहीत. साइट करणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांना हे कोणी शिकवलेच नव्हते, आणि शिकवणाऱ्यांत मीही आहे.

या चुकीला मोठा इतिहास आहे आणि वृत्तपत्राच्या वाचकांना त्यात रस वाटावा असे एक कारणही आहे. जँगोचा जन्म एका वृत्तपत्राच्या कार्यालयात झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्रात काम करणाऱ्या एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये ते बांधायला घेतले. बातमीच्या मुदतीत नवी पाने उभी करता यावीत, ही तिथली रोजची गरज होती. जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले आणि जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे नाव त्याला मिळाले. त्यानंतरची जवळजवळ सहा वर्षे जँगो वापरणारे लोक साइटच्या स्वतःच्या फायली आणि वापरकर्त्यांनी चढवलेल्या फायली सर्रास एकाच ‘मीडिया’ फोल्डरमध्ये ठेवत असत. मार्च २०११ मध्ये आलेल्या १.३ या आवृत्तीत ‘स्टॅटिकफाइल्स’ हा भाग जोडला गेला, आणि या दोन प्रकारच्या फायली वेगळ्या ठेवणे सोपे व्हावे हा त्यामागचा एक हेतू होता. आमच्या वाचनालयातील प्रसंग मात्र त्यानंतर कित्येक वर्षांनी घडला.

प्रत्यक्षात जागा तीन आहेत आणि त्या तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे. पहिली जागा प्रोग्रामर स्वतः लिहितो त्या मूळ फायलींची. त्या गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, असतात, प्रत्येक बदलाची नोंद राहते, आणि त्या प्रत्येक ॲपच्या, म्हणजे प्रकल्पातील एकेका विभागाच्या, आतील ‘स्टॅटिक’ फोल्डरमध्ये किंवा संपूर्ण प्रकल्पासाठी नेमलेल्या एका सामाईक फोल्डरमध्ये राहतात. दुसरी जागा म्हणजे ‘स्टॅटिक रूट’. ‘कलेक्टस्टॅटिक’ सगळीकडच्या मूळ फायली, जँगोसोबत येणाऱ्या ॲडमिन या व्यवस्थापन-पानांच्या फायलींसकट, उचलून तिथे आणून ठेवते, जेणेकरून वेब सर्व्हरला एकाच ठिकाणाहून त्या वाटता येतील. तिसरी जागा ‘मीडिया रूट’, म्हणजे लोकांनी चढवलेली चित्रे, अर्जांसोबतचे दाखले, पीडीएफ. पहिल्या जागेची प्रत गिटमध्ये असते. दुसरी जागा पहिलीवरून केव्हाही नव्याने तयार करता येते. तिसरीतली फाइल मात्र जगात बहुधा तेवढी एकच असते, म्हणून बॅकअपची खरी गरज तिला आहे.

विद्यार्थ्यांना मी हे वृत्तपत्राच्याच उदाहरणाने समजावते. पहाटे दादर स्टेशनबाहेर फुटपाथवर विक्रेते मुख्य अंक आणि निरनिराळ्या पुरवण्या एकात एक घालून गठ्ठे लावतात. तो गठ्ठा वाटपासाठी असतो. त्यात कोणी लेखकाचे हस्तलिखित ठेवत नाही आणि वाचकाने संपादकांना पाठवलेला एकुलता एक जुना फोटोही ठेवत नाही. ‘स्टॅटिक रूट’ हा असा वाटपाचा गठ्ठा आहे. तरीही परीक्षेला गेले की दर वर्षी दोन-तीन गट असे भेटतातच, ज्यांनी मूळ सीएसएस थेट त्याच फोल्डरमध्ये लिहिलेले असते. त्यांचे फोल्डर एकदा पुसले गेले तर सहा महिन्यांचे काम जाईल, हे त्यांना परीक्षेच्या टेबलाशी बसल्यावर कळते.

जँगो यात आपल्याला काही अंशी वाचवते. सामाईक मूळ फोल्डर म्हणून ‘स्टॅटिक रूट’चेच नाव दिले तर चूक दाखवली जाते, ‘मीडिया रूट’ आणि ‘स्टॅटिक रूट’ यांना तंतोतंत एकच मार्ग दिला तरीही जँगो अडवते. पण एक फोल्डर दुसऱ्याच्या पोटात असेल तर या तपासणीत ते सापडत नाही. वाचनालयाच्या साइटवर नेमके हेच झाले होते. ही मर्यादा मी आता पहिल्याच तासाला फळ्यावर चौकोन काढून दाखवते.

महाविद्यालयीन प्रकल्पांत याहून अधिक दिसणारा प्रकार वेगळा आहे. लॅपटॉपवर साइट देखणी दिसते. सर्व्हरवर चढवली की रंग नाहीत, फॉन्ट नाही, बोधचिन्ह नाही, उघड्या ओळींखाली ओळी. कारण साधे आहे. शिकण्याच्या काळात ‘डिबग’ ही चुका तपशिलाने दाखवणारी सेटिंग चालू असते आणि तेव्हा जँगोचा छोटा सर्व्हर स्टॅटिक फायलीही स्वतःच पुरवतो. ‘डिबग’ बंद केले की तो हे काम थांबवतो, कारण प्रत्येक लहानशा चित्रासाठी पायथनच्या प्रक्रियेला कामाला लावणे खर्चिक आहे आणि ती व्यवस्था सुरक्षिततेच्या दृष्टीने तपासलेलीही नाही. हे काम एनजिनएक्ससारख्या वेब सर्व्हरकडे द्यायचे असते, किंवा लहान साइट असेल तर व्हाइटनॉइज हे पॅकेज वापरायचे असते. नवा प्रकल्प सुरू केल्यावर सेटिंग्जच्या फायलीत ‘स्टॅटिक यूआरएल’ची, म्हणजे या फायलींच्या वेबपत्त्याची, एक ओळ आयती मिळते, ‘स्टॅटिक रूट’ची मिळत नाही, त्यामुळे सगळे जुळलेले आहे असा मुलांचा समज होतो.

उघडी पडलेली साइट पाहून घाबरलेला गट मग काय करतो? सर्व्हरवरही ‘डिबग’ चालू करतो. साइट पुन्हा रंगीत दिसते आणि सादरीकरण पार पडते. पण त्या स्थितीत एखादी चूक घडली की कोडच्या ओळी, फोल्डरचे मार्ग आणि सेटिंग्जचा मोठा भाग समोर बसलेल्या कोणाही अनोळखी माणसाच्या पडद्यावर उघडा होतो. नोकरीला लागल्यावर हीच सवय सोबत जाते आणि तेव्हा त्या साइटवर लोकांचे पत्ते, फोन नंबर आणि आजारपणाचे कागद असतात. म्हणून मला हा प्रकार रंग न दिसण्यापेक्षा कितीतरी गंभीर वाटतो.

फायलींच्या नावांबाबतही असेच घडते. चार मुलांचा गट असतो, प्रत्येकाकडे एक ॲप असते आणि प्रत्येकाने आपल्या ‘स्टॅटिक’ फोल्डरमध्ये ‘स्टाइल’ याच नावाची सीएसएसची फाइल ठेवलेली असते. जँगो आधी सामाईक फोल्डरांत पाहते, मग सेटिंग्जमध्ये ॲप ज्या क्रमाने लिहिली आहेत त्या क्रमाने पाहते, आणि त्या नावाची जी फाइल प्रथम मिळेल तीच घेते. तिघांचे काम मागे पडते आणि तिघेही ब्राउझरला दोष देत बसतात. उपाय असा की ‘स्टॅटिक’ फोल्डरच्या आत पुन्हा ॲपच्याच नावाचे फोल्डर करायचे आणि फायली त्यात ठेवायच्या. ‘नाव दोनदा कशाला?’ हा प्रश्न मला दर वर्षी येतो. फायली एका जागी गोळा झाल्या की बाहेरचे फोल्डर उरत नाही, आतले नाव तेवढे उरते, म्हणून. शंका आली तर ‘फाइंडस्टॅटिक’ ही कमांड नेमकी कोणती फाइल उचलली जात आहे ते सांगते. ती माहीत असलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटला आहे. विंडोजवर मोठ्या आणि लहान लिपीतील इंग्रजी अक्षरांच्या नावांत भेद होत नाही आणि बहुतेक सर्व्हरवर असणाऱ्या लिनक्सवर होतो, त्यामुळे लॅपटॉपवर दिसणारे बोधचिन्ह सर्व्हरवर गायब होते, एवढे जाता जाता नोंदवते.

मराठी साइटसाठी फॉन्ट हा यातला महत्त्वाचा भाग आहे. मुंबईतीलच ‘एक टाइप’ या नावाच्या गटाने केलेला ‘मुक्ता’ यासारखे उत्तम देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहेत, आणि ते आपल्याच स्टॅटिक फोल्डरमध्ये, परवान्याच्या फायलीसह, ठेवता येतात. आकार कमी करण्यासाठी फॉन्टमधील न लागणारी अक्षरे काढून टाकण्याची पद्धत आहे. एका गटाने हिंदी मजकुरातून अक्षरांची यादी बनवून फॉन्ट असा छाटला होता. त्यांच्या साइटवर ‘कार्यालयाची वेळ’ या शब्दांतील ‘ळ’ वेगळ्याच जाडीचा, शेजारच्या अक्षरांत न मिसळणारा दिसत होता आणि ‘दुसऱ्या’मधील अर्धा र तुटला होता. ब्राउझरने ती अक्षरे दुसऱ्या फॉन्टमधून आणली होती. आपली भाषा आपल्या साइटवर नीट दिसावी असे वाटणाऱ्या प्रत्येकाने छाटणीनंतर ‘ळ’, ‘ऱ’ आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासून घेतली पाहिजेत.

नवी आवृत्ती चढवूनही लोकांना जुनी साइट दिसते, ही तक्रारही मांडणीच्याच विषयात येते. ब्राउझर एकदा आणलेली फाइल जवळ ठेवतो. प्रोग्रामर आपल्या संगणकावर कंट्रोल आणि एफ-५ दाबून मोकळा होतो, पण लोकलमध्ये उभ्याने फोनवर अर्ज भरणाऱ्या बाईंना ते सांगणार कोण? जँगोच्या १.७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, यावर चांगला उपाय आहे. ‘मॅनिफेस्ट’ पद्धतीची साठवण निवडली की फायली गोळा होताना प्रत्येक फायलीच्या मजकुरावरून १२ चिन्हांची एक खूण काढली जाते आणि ती तिच्या नावात जोडली जाते. मजकूर बदलला तरच नाव बदलते. त्यामुळे न बदललेली फाइल ब्राउझरने वर्षभर जवळ ठेवली तरी चालते आणि बदललेली त्याच क्षणी नव्याने मागवली जाते. कमी नेटवर्कच्या फोनला यातून मोठा दिलासा मिळतो. यासाठी टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, फायलीचा मार्ग हाताने न लिहिता ‘स्टॅटिक’ हा टॅग वापरावा लागतो, आणि ही शिस्त मुले टाळतात. शिवाय एखादी फाइल अस्तित्वातच नसेल तर ही साठवण ‘डिबग’ बंद असताना पान दाखवण्याऐवजी चूक दाखवते. मुलांना तिचा राग येतो. मला ती कडकपणा करणाऱ्या चांगल्या परीक्षकासारखी वाटते.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. ही साठवण निवडण्याची सेटिंग ४.२ या आवृत्तीत, २०२३ मध्ये, बदलली आणि ५.१ मध्ये जुनी सेटिंग काढून टाकली गेली. इंटरनेटवरील जुने व्हिडिओ पाहून ती जुनी ओळ लिहिली तर कोणतीही चूक दिसत नाही आणि तिचा परिणामही होत नाही. मराठीतून असे धडे देणाऱ्यांनी आपले जुने धडे एकदा तपासून घ्यावेत, अशी त्यांना कळकळीची विनंती आहे.

आपल्या दैनिकाच्या शिक्षण पुरवणीत नव्या तंत्रज्ञानाविषयी नेहमी लिहिले जाते. त्यात अशा रोजच्या कामाच्या गोष्टींनाही, मराठीतून आणि आकृत्यांसह, जागा मिळावी. महाविद्यालयांनी ब्लॅक बुकमध्ये फोल्डरच्या मांडणीचे एक पान सक्तीचे करावे आणि कोणती जागा गिटमध्ये आहे, कोणती नव्याने तयार होते आणि कोणत्या जागेचा बॅकअप कोण घेते, हे त्यावर लिहून घ्यावे.

परीक्षक म्हणून जाणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना माझे सांगणे याहूनही लहान आहे. येत्या सत्रात लॅपटॉपवरचे सादरीकरण पाहून झाले की गटाला ‘डिबग’ बंद करायला सांगावे, ‘स्टॅटिक रूट’चे फोल्डर आपल्यासमोर पूर्ण पुसायला सांगावे, ‘कलेक्टस्टॅटिक’ पुन्हा चालवायला सांगावे, आणि साइट पूर्वी होती तशीच, चढवलेल्या प्रत्येक चित्रासह, उभी राहते का ते पाहावे. याला पाच मिनिटे लागतात. मी गेल्या वर्षापासून हे करते आहे. फोल्डर पुसण्याआधी ज्या गटाचा हात थबकतो, त्या गटाजवळ मी खुर्ची ओढून बसते आणि त्यांची तिसरी जागा कुठे आहे ते आम्ही मिळून शोधतो.

आपली नम्र,
एक संगणक-शिक्षिका,
मुलुंड (पूर्व), मुंबई